आटा ब्रेडमध्ये आटा किती?

पूर्वी आपल्याकडे घरात डबलरोटी आली की शेजारीण कुंपणावरून विचारायची, “कोण आजारी आहे हो?” तापातून उठलेल्या माणसाला दुधात बुडवून द्यायची ती वस्तू. आता तसं राहिलेलं नाही. मुलांचा डबा, नोकरीवर जाणाऱ्या बाईची सकाळ, अचानक आलेले पाहुणे, सगळीकडे ब्रेड हजर. त्यातच घरातल्या कुणाची तरी साखर वाढते, डॉक्टर म्हणतात मैदा बंद, आणि पांढरा ब्रेड जाऊन घरात तपकिरी ब्रेड येतो. त्याच्यासाठी आपण चार पैसे जास्त मोजतो आणि मोजताना कुरकुरही करत नाही. तब्येतीसाठी आहे ना!

पण भगिनींनो, तो ब्रेड खरोखर कणकेचा आहे का, हे आपण कधी पाहिलं?

गव्हाच्या बाबतीत आपण तशा भोळ्या नाही. उन्हाळ्याच्या तोंडी वर्षाचा गहू भरायचा तर बन्सी घ्यायचा की लोकवन, शरबती परवडेल का, यावर घरात दोन दिवस चर्चा चालते. मूठभर दाणे हातावर घेऊन आपण त्यांचा रंग बघतो, एखादा दाताखाली फोडतो. चक्कीवर दळण टाकलं तर आधीच्या बाईची ज्वारी आपल्या पिठात येऊ नये म्हणून उभ्या राहतो. आणि ब्रेड मात्र रंग बघून घेतो! पाकिटावर गव्हाची सोनेरी लोंबी आणि आत तपकिरी स्लाइस, एवढ्यावर आपलं समाधान.

वर्ध्याचा आणि कणकेचा जुना संबंध

हे लिहिताना वर्ध्याची आठवण यायला कारण आहे. कोंड्यासकट पिठाचा आग्रह या देशात जिथून जोरानं धरला गेला, ते हे गाव. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत, म्हणजे मगनवाडीत, त्याचं काम सुरू झालं. मार्गदर्शन गांधीजींचं आणि लंडनला हिशेबनिसाचं शिक्षण घेतलेले जे. सी. कुमारप्पा चिटणीस. हातकुटीचा तांदूळ, गूळ, घाणीचं तेल आणि जात्यावरचं पीठ या चार गोष्टींवर त्या काळात गांधीजींनी किती लिहिलं, बोललं! १९३८ साली सुरू झालेलं मगन संग्रहालय आजही वर्ध्यात आहे. माहेरी-सासरी जाता-येता एकदा मुलांना घेऊन जरूर बघून या.

गांधीजींचा ब्रेडशी संबंध त्याहून जुना. आत्मकथेत त्यांनी लिहून ठेवलंय की जोहान्सबर्गला राहत असताना त्यांच्या घरी लुई कुन्हे या जर्मन निसर्गोपचारकाच्या पद्धतीनं, खमीर न घालता, अख्ख्या गव्हाची रोटी भाजत. गिरणीचं तयार पीठ त्यासाठी चालेना, म्हणून त्यांनी सात पौंडांना एक हातचक्की विकत घेतली. तिचं लोखंडी चाक एकट्यानं फिरवणं जड जाई, दोघांना सोपं पडे. स्वतः गांधीजी, त्यांचे मित्र पोलाक आणि मुलं दळायला बसत. कस्तुरबाही अधूनमधून हात लावत, पण दळणाची वेळ हीच नेमकी त्यांची स्वयंपाकाला लागण्याची वेळ! हे वाक्य वाचताना प्रत्येक गृहिणीला जरा हसू येईल. घरातल्या पुरुषानं दळायला बसावं ही गोष्ट मात्र त्या तत्त्वज्ञानातली मला सगळ्यात आवडलेली.

पुढे १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर लिहिलेल्या छोट्या पुस्तकातही त्यांनी हेच सांगितलं की पीठ चाळून कोंडा टाकू नका, जीवनसत्त्वं आणि क्षार त्यातच असतात.

कोंडा काढला की काय जातं?

गव्हाच्या दाण्याचे तीन भाग. वरचा कोंडा, खालच्या टोकाला इवलासा अंकुर, आणि मधला पांढरा गर. वजनानं पाहिलं तर गर शंभरातले ऐंशीच्या वर, कोंडा चौदा-पंधरा आणि अंकुर जेमतेम दोन-तीन. मैदा म्हणजे फक्त गर. कोंडा आणि अंकुर दोन्ही बाहेर.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात १०० ग्रॅम कणकेत चोथा, म्हणजे फायबर, ११ ग्रॅमच्या वर दिलाय, आणि मैद्यात पावणेतीन. लोह कणकेत ४ मिलिग्रॅमच्या आसपास, मैद्यात पावणेदोन. प्रथिनं मात्र दोन्हींत जवळजवळ सारखीच! म्हणजे मैदा हे काही विष नव्हे. फक्त गव्हातलं जे पोट साफ ठेवतं आणि अंगाला लागतं, त्यातला मोठा वाटा त्यातून गेलेला असतो.

मग बेकरीवाला मैद्याच्याच मागे का लागतो? त्याचं कारण आपल्याला पोळ्या करताना रोज हाताला कळतं. मैद्याचा गोळा ताणला की रबरासारखा ताणला जातो. ही ताकद त्यातल्या चिकट प्रथिनाची, ग्लुटेनची. खमिरानं तयार केलेली हवा ते प्रथिन फुग्यासारखी धरून ठेवतं आणि ब्रेड फुगतो. कणकेत कोंड्याचे बारीक कण त्या फुग्याला टाचणीसारखे टोचतात. शिवाय अंकुरात तेल असतं, त्यामुळे कणीक मैद्यापेक्षा लवकर खवट होते. निव्वळ कणकेचा ब्रेड म्हणूनच दाट, जड आणि थोडा ठिसूळ होतो. कापसासारखा मऊ, दाबला की परत वर येणारा ‘आटा ब्रेड’ हातात आला तर आत काय असेल, अशी शंका घ्यायला हरकत नाही.

पाकीट उलटं करा

पाकिटाची पुढची बाजू विकण्यासाठी असते, मागची कायद्यासाठी. आपल्याला मागची हवी. अडचण अशी की कायद्यानं हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला तरी चालतो, मराठीची सक्ती नाही, आणि अक्षरं मुंगीएवढी. मोबाईलनं फोटो काढून मोठा करून बघावा, म्हणजे दुकानात चष्मा शोधायला नको. शब्दही चार-पाचच ओळखायचे आहेत.

‘होल व्हीट फ्लोअर’ किंवा ‘आटा’ म्हणजे आपली कणीक. ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ म्हणजे मैदा. किती साळसूद नाव! रिफाइन्ड म्हटलं की ऐकणाऱ्याला काहीतरी उंची वाटतं. ‘व्हीट ब्रॅन’ म्हणजे कोंडा, आणि ‘व्हीट ग्लुटेन’ म्हणजे ते वर सांगितलेलं चिकट प्रथिन, वेगळं काढून पुन्हा घातलेलं. कणकेचा ब्रेड नीट फुगावा म्हणून ते घालतात, त्यात वावगं काही नाही. नुसतं ‘व्हीट फ्लोअर’ लिहिलं असेल तर मात्र थांबा. मैदासुद्धा गव्हाचंच पीठ आहे!

आता मुख्य किल्ली. सामग्रीच्या यादीत पदार्थ कोणत्याही क्रमानं लिहिता येत नाहीत. जो सगळ्यात जास्त तो आधी, मग त्याहून कमी, असा उतरता क्रम नियमानंच ठरलेला आहे. यादीत पहिलं नाव मैद्याचं असेल तर तो मैद्याचा ब्रेड, मग पुढच्या बाजूला लोंबी असो, शेत असो की हसणारी आजी असो. मैद्यात कोंडा मिसळून केलेला ब्रेडही मिळतो. पांढऱ्यापेक्षा तो बरा, कारण चोथा तरी मिळतो. पण अंकुर त्यात परत येत नाही, आणि त्याला कणकेचा ब्रेड म्हणून जास्त पैसे का द्यायचे?

‘ब्राऊन ब्रेड’ या नावाचा अर्थ तपकिरी ब्रेड, इतकाच धरून चाला. तो तपकिरीपणा पुष्कळदा कॅरमेलचा असतो. कॅरमेल म्हणजे जाळलेली साखर, कारखान्यात केलेली. यादीत ‘कलर’ आणि पुढे १५० हा आकडा दिसला की समजावं, रंग कणकेनं दिलेला नाही. आपली कणीक रंगवावी लागते का हो कधी?

मिठाची खूण

मला सगळ्यात उपयोगी वाटलेली युक्ती ही. ब्रेडमध्ये मीठ किती घालायचं याला मर्यादा आहे, नाहीतर तो तोंडात धरवणार नाही. शंभर भाग पिठाला साधारण दीड ते दोन भाग मीठ. म्हणजे ४०० ग्रॅमच्या पाकिटात चहाचा एक चमचा.

यादीत मिठाचं नाव कुठे आहे ते शोधा. त्याच्या खाली जे जे लिहिलंय ते मिठापेक्षाही कमी. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘मल्टिग्रेन’ आणि मागे मिठाच्या खाली नाचणी, ज्वारी, ओट्स, जवस ओळीनं उभे असतील, तर अख्ख्या पाकिटात नाचणीचा वाटा चमचाभरसुद्धा नाही! आपण सणाला रांगोळीत जेवढा हळदीचा ठिपका देतो तेवढं ते धान्य. ज्वारीच हवी तर भाकरी थापावी, विदर्भातल्या बाईला ती काय कुणी शिकवायला हवी?

साखरही अशीच बघा. ती मिठाच्या वर असणारच, खमिराला थोडी लागते. पण साखर, पुन्हा इन्व्हर्ट सिरप, पुन्हा माल्ट एक्स्ट्रॅक्ट अशी तीन नावांनी ती आली असेल तर तिन्हींची बेरीज मनात करावी. पोषणाच्या तक्त्यात ‘अ‍ॅडेड शुगर’ असा वेगळा आकडा असतो, तो खरी गोष्ट सांगतो.

टक्क्यांचं गणित

पुढच्या बाजूला एखाद्या घटकाची जाहिरात केली असेल तर तो किती टक्के आहे ते सामग्रीत द्यावं लागतं. इथे बऱ्याच जणींचा गोंधळ होतो. निव्वळ कणकेचा म्हणून घेतलेल्या ब्रेडच्या मागे ‘होल व्हीट फ्लोअर ५८ टक्के’ दिसतं आणि वाटतं, फसलो! तसं नसतं. पोळीची कणीक भिजवताना पाणी लागतं, तसं ब्रेडलाही लागतं. १०० ग्रॅम पिठाला साठ-पासष्ट ग्रॅम पाणी, वर तेल, साखर, खमीर, मीठ मिळून आठ-दहा. सगळा गोळा पावणेदोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर. त्यात पीठ किती? शंभरातले साठच्या जवळपास. म्हणून ५५ ते ६० टक्के कणीक लिहिली असेल आणि यादीत मैदा नसेल, तर तो ब्रेड पूर्ण कणकेचाच. ३० टक्के लिहिलं असेल तर पिठापैकी अर्धी कणीक, अर्धा मैदा. १५ टक्के म्हणजे चौथाई. काही कंपन्या ‘एकूण पिठापैकी’ असे टक्के देतात, तिथे हे गणित लावायचं नाही, तेवढं वाचून घ्यावं.

‘१०० टक्के’ हा शब्दही जपूनच घ्यायचा. मे २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं कंपन्यांना कळवलं की खाद्यपदार्थांवर असा दावा ग्राहकाची दिशाभूल करणारा ठरतो, तो टाळावा.

आणखी एक पडताळा चोथ्याचा. कणकेत ११ ग्रॅम चोथा, आणि ब्रेडमध्ये पीठ साठ टक्के, म्हणजे पूर्ण कणकेच्या ब्रेडमध्ये १०० ग्रॅममागे सहा-साडेसहा ग्रॅम चोथा दिसायला हवा. दोन-अडीचच दिसला तर कणीक नावालाच.

ते भीतीदायक आकडे

यादीच्या शेवटी २८२, ४७१, ४८१, ११०० असे आकडे असतात. ते वाचून काहीजणी ब्रेडच सोडतात. घाबरायचं कारण नाही. २८२ हे बुरशी रोखण्यासाठी. ४७१ आणि ४८१ ब्रेड मऊ राहावा म्हणून. ११०० म्हणजे पिठातल्या पिष्टावर काम करणारं विकर. ३०० तर चक्क सी जीवनसत्त्व, आपल्या आवळ्यातलं. आकडा म्हणजे विष नव्हे, ते फक्त परवानगी मिळालेल्या पदार्थाचं नाव आहे. माझं मत विचाराल तर आधी पीठ बघा, मग रंग, मग साखर-मीठ, आणि आकड्यांची चिंता सगळ्यात शेवटी. दोन ब्रेड पिठाच्या बाबतीत सारखे असतील तर कमी आकड्यांचा घ्यावा.

मात्र परवानगी मिळालेलं सगळं कायमचं निर्धोक, असंही नाही. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं तिथल्या बाजारातले ब्रेड, पाव, बन असे ३८ नमुने तपासले. शंभरातल्या ८४ नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडलं. ब्रोमेट ब्रेड फुगवायला वापरत. कर्करोग होऊ शकतो या शंकेच्या यादीत ते आधीपासूनच होतं, पुष्कळ देशांनी बंदही केलं होतं, आपल्याकडे मात्र चालत होतं. मोठा गवगवा झाला आणि जून २०१६ मध्ये ते आपल्याकडच्या परवानगीच्या यादीतून काढलं गेलं. कुणीतरी नमुने तपासले म्हणून हे झालं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

साखर असलेल्यांचं काय?

हा भाग जरा नीट वाचा, कारण बहुतेक घरांत तपकिरी ब्रेड याच कारणानं येतो. कणकेचा ब्रेड खाल्ला म्हणून रक्तातली साखर वाढणार नाही, असं नाही. पीठ अगदी बारीक दळलेलं असलं की पोटात त्याचं झपाट्यानं पचन होतं. साखर किती वेगानं चढते याचे जे आंतरराष्ट्रीय तक्ते आहेत, त्यांत पांढरा ब्रेड आणि कणकेचा ब्रेड जवळजवळ शेजारी शेजारी बसतात, दोन्ही सत्तरीच्या पुढे. चोथा, लोह, पोट साफ राहणं, हे कणकेच्या ब्रेडचे फायदे खरेच. पण “ब्राऊन आहे, घ्या अजून दोन” असं म्हणून सासऱ्यांच्या ताटलीत स्लाइस वाढू नका. मोजून द्यावा आणि सोबत उसळ, अंडं किंवा काकडी-टमाटर असावं. कोरडा ब्रेड आणि गोड चहा ही जोडी त्यांच्यासाठी सगळ्यात वाईट.

मिठाचंही तेच. पोळीत आपण चिमूटभर मीठ घालतो किंवा घालतही नाही. ब्रेडमध्ये ते असतंच. तक्त्यात ‘सोडियम’ बघा. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. ब्रेडमध्ये १०० ग्रॅमला, म्हणजे साधारण चार स्लाइसना, एवढं सहज असतं. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाबाचं माणूस घरात असेल तर हा एक ग्रॅम हिशेबात धरायला हवा, वर लावलेलं खारट लोणी वेगळंच.

बेकरीतला सुटा ब्रेड, आणि घरी आणल्यावर

गावातल्या बेकरीचा ताजा ब्रेड चवीला उत्तम असतो, पण साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, चिठ्ठीशिवाय मिळाला तर आत काय ते फक्त बेकरीवाल्याला माहीत. त्याला सरळ विचारावं, “भाऊ, कणीक किती अन् मैदा किती?” खरं करणारा माणूस सांगतो, उलट खूष होतो. काहीजण आपली कणीक दिली तर ब्रेड भाजूनही देतात. तो थोडा दाट होईल, तक्रार करू नका, तसाच व्हायला हवा.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५च्या घरात जातो आणि पावसाळ्यात मीठसुद्धा पाझरतं. ब्रेड फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला तर बुरशी उशिरा येते, पण स्लाइस लवकर कडक होतात. दोन दिवसांत संपणार असेल तर बाहेर घट्ट बांधून ठेवावा, नाहीतर सरळ बर्फाच्या कप्प्यात टाकावा आणि लागतील तेवढे स्लाइस काढून तव्यावर गरम करावेत. एका स्लाइसवर बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढा तुकडा तोडून बाकीचा वापरू नये. बुरशीचे धागे आतपर्यंत पसरलेले असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. जीवावर येतं खरं, पण टाकून द्यावा.

घेताना तारीख बघाच, आणि १४ आकड्यांचा परवाना क्रमांकही. पाकिटावर एक आणि आत दुसरंच असं वाटलं, किंवा तारीख खोडून नवी चिकटवलेली दिसली, तर दुकानदाराशी भांडत बसू नका. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार देता येते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या अ‍ॅपवरही तक्रार नोंदवता येते, घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगितलंत तर पाच मिनिटांत करून देईल. फक्त पाकीट, बिल आणि उरलेला ब्रेड तोपर्यंत कचऱ्यात जाऊ देऊ नका.